पावलांचे सामान्य विकार

पावलांचे विकार म्हणजे घोट्यापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या भागातील त्वचा, नखे, हाडे, सांधे, कंडरा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना होणारे आजार व इजा होत. भेगा, घट्टे, कुरूप, चिखल्या, नख रुतणे, टाच दुखणे यांसारखे बहुतेक विकार किरकोळ असतात व साध्या उपायांनी बरे होतात. मात्र ज्या पावलाची संवेदना नष्ट झाली आहे किंवा ज्याचा रक्तपुरवठा कमी झाला आहे, त्या पावलात हेच किरकोळ विकार गंभीर जखमेचे व प्रसंगी पाय गमावण्याचे कारण ठरतात. म्हणून पावलाच्या कोणत्याही तक्रारीचा विचार करताना विकार कोणता, याइतकाच तो कोणत्या पावलाला झाला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

शब्दांविषयी

मराठीत ‘पाय’ हा शब्द कमरेखालच्या संपूर्ण अवयवासाठी वापरला जातो आणि केवळ पावलासाठीही. त्यामुळे ‘पाय दुखतो’ एवढ्या सांगण्यावरून दुखणे मांडीत आहे, पोटरीत आहे की टाचेत, याचा बोध होत नाही. पाऊल, तळपाय, टाच, घोटा, चवडा, अंगठा, करंगळी, बेचके असे नेमके शब्द भाषेत आहेत. दवाखान्यात त्यांचा उपयोग केल्यास निदान सोपे होते. रोगांची नावेही बोलीत पुष्कळ आहेत. बोटांच्या बेचक्यात कुजलेल्या त्वचेला चिखल्या, नखाच्या कडेला पू होण्याला नखुरडे, तळव्यातील टोचणाऱ्या कठीण गाठीला कुरूप किंवा भोवरी म्हणतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ या सदरात यांपैकी काहींचे वर्णन आढळते. पाददारी म्हणजे भेगा, अलस म्हणजे चिखल्या, कदर म्हणजे कुरूप आणि चिप्प म्हणजे नखुरडे. कदर कापून काढून ती जागा तापवलेल्या तेलाने डागावी, असा उपचार तेथे सांगितला आहे. ‘क्षुद्र’ हे विशेषण रोगाच्या आकाराला लागू असले, तरी परिणामाला नेहमीच लागू पडत नाही, हे पुढे दिसेल.

रचना

प्रत्येक पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. ही हाडे अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असून त्यांची कमान बनते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या त्वचेखाली एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. त्यास प्लँटर फॅशिया म्हणतात. धनुष्याच्या दोरीप्रमाणे तो कमानीस आधार देतो. तळव्याची त्वचा शरीरात सर्वांत जाड असते. तिच्यात घामाच्या ग्रंथी विपुल असतात, परंतु तेलकट द्रव पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात. म्हणून घाम कमी झाला की तळवे लवकर कोरडे पडतात आणि त्यांना भेगा पडतात.

त्वचेचे विकार

भेगा टाचेच्या कडेला पडतात. अनवाणी चालणे, मागून उघड्या चपला, थंड व कोरडी हवा, वाढलेले वजन आणि वयोमानाने आलेला कोरडेपणा ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. चालताना टाचेखालील चरबीची गादी दोन्ही बाजूंना पसरते. कडेची जाड व कोरडी त्वचा तिच्याबरोबर ताणली न गेल्याने फाटते. सोरायसिस, इसब आणि थायरॉइडची न्यूनता यांतही भेगा पडतात. त्यामुळे उपायांना दाद न देणाऱ्या भेगा तज्ज्ञास दाखवाव्या लागतात.

उपचाराचे तत्त्व साधे आहे. रात्री पाऊल कोमट पाण्यात काही मिनिटे बुडवावे, मऊ झालेली मृत त्वचा वजरीने हलक्या हाताने घासावी, पाऊल टिपून कोरडे करावे आणि लगेच पेट्रोलियम जेली किंवा युरियायुक्त मलम लावून सुती मोजे घालावेत. कोकण व गोव्यात भेगांवर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल वितळवून लावण्याची रीत आहे. त्यास मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. त्वचेवर थर धरून ओलावा राखणे हे काम ते चांगले करते. महागड्या मलमांच्या जाहिरातींपुढे या तेलाची उपेक्षा झाली आहे. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळण्याची प्रथाही त्वचा मऊ ठेवते; वाटी काळी पडते ती शरीरातील उष्णता ओढून घेतल्यामुळे, हा समज मात्र निराधार आहे. धातू, स्निग्ध पदार्थ व घाम यांच्या रासायनिक क्रियेने हा काळा रंग येतो.

घट्टा आणि कुरूप या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत. सतत घर्षण वा दाब असलेल्या जागी त्वचा स्वसंरक्षणार्थ जाड होते, तो घट्टा. दाब एकाच लहान बिंदूवर येत राहिल्यास जाड त्वचेचा खिळ्यासारखा गाभा आत शिरतो, ते कुरूप. त्याला जिवंत मूळ नसते. तरीही ‘मूळ राहिले म्हणून ते पुन्हा उगवले’ असे सर्रास म्हटले जाते. कुरूप परत येते ते दाब कायम राहिल्यामुळे. चप्पल तीच, चालण्याची ढब तीच, तर कुरूपही तेच. म्हणून पादत्राण बदलणे हा उपचाराचा पहिला भाग, मऊ गादी लावून दाब वाटून देणे हा दुसरा आणि जाड त्वचा तासून काढणे हा तिसरा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते. निरोगी पावलावर त्या बेताने वापरता येतात. परंतु हे आम्ल कुरूप व भोवतालची चांगली त्वचा यांत भेद करीत नाही. मधुमेहींनी व बधिर पावले असलेल्यांनी त्या मुळीच वापरू नयेत.

तळव्यावरील चामखीळ पुष्कळदा कुरूप समजली जाते. ती विषाणूजन्य असते. तिच्यावरून त्वचेच्या रेषा जात नाहीत, वरचा थर खरवडल्यास काळे ठिपके दिसतात आणि ती सरळ दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यास अधिक दुखते. लहान मुलांतील चामखिळी अनेकदा आपोआप जातात.

चिखल्या

पावसाळ्यात महाराष्ट्रातील पावलांचा सर्वांत व्यापक विकार चिखल्या हाच होय. भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात उभे राहणाऱ्या स्त्रिया, ओल्या बुटांत दिवस काढणारे सफाई कामगार, पोलीस व शाळकरी मुले यांना तो हमखास होतो. बेचक्यातील त्वचा पाण्याने फुगून पांढरी पडते, सोलवटते, खाजते आणि आग होते. आरंभी हा केवळ ओलाव्याचा परिणाम असतो. पुढे त्यावर बुरशी व जिवाणू वाढतात. सहसा करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांमधील सर्वांत अरुंद बेचके प्रथम बिघडते.

पाऊल धुऊन प्रत्येक बेचके कोरड्या फडक्याने टिपणे, हा चिखल्यांवरील निम्मा उपचार आहे. बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन मलम वापरतात. क्लोट्रिमॅझोल साधारणतः दोन ते चार आठवडे लावावे लागते. खाज थांबताच मलम सोडून देणे हे रोग उलटण्याचे नित्याचे कारण आहे. याहून घातक प्रघात म्हणजे स्टेरॉइड मिसळलेली मलमे स्वतःच्या मनाने वापरणे. त्यांनी खाज एका दिवसात शमते, पण बुरशी जिवंत राहते, पसरते आणि रोगाचे रूप इतके बदलते की त्वचारोगतज्ज्ञासही तो ओळखणे कठीण जाते. भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्ण औषधांना दाद देईनासे झाले आहे, त्याच्या कारणांत या मिश्र मलमांचा वाटा मोठा मानला जातो.

चिखल्यांनी फाटलेली त्वचा हे जंतूंचे प्रवेशद्वारही ठरते. तेथून शिरलेल्या जिवाणूंमुळे पाय अचानक लाल व गरम होऊन सुजतो, थंडी वाजून ताप येतो. हत्तीरोगाच्या रुग्णांत असे झटके वारंवार येऊन सूज वाढत जाते. विदर्भातील काही जिल्ह्यांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून आहे. अशा रुग्णांसाठी रोज साबण-पाण्याने पाय धुणे व बेचकी कोरडी ठेवणे हा औषधांच्या तोडीचा उपचार आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमी त्वचेवाटे शरीरात जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व लाखो लोक तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतर शहरात या रोगाची साथ आली. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर, विशेषतः पायाला जखम असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन घेण्याचे आवाहन तेव्हापासून पावसाळ्यात केले जाते.

फोड

नवीन पादत्राण किंवा अतिरिक्त चाल यांमुळे त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात व त्यांमध्ये पाणी भरते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या सेवेसाठी वाटेत लागणाऱ्या वैद्यकीय पथकांकडे ही तक्रार नित्य येते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी आलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली, तेव्हा या विकाराला काही काळ राजकीय अर्थही लाभला. लहान फोड फोडू नये. मोठा व ताणलेला फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, पण वरची त्वचा तशीच राहू द्यावी. तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही.

नखांचे विकार

नख आत रुतणे हा मुख्यतः अंगठ्याचा विकार आहे. नखाचे कोपरे खोलवर गोल कापणे, अरुंद बूट आणि घाम ही त्याची कारणे होत. कोपऱ्यात राहिलेला नखाचा काटा मांसात शिरतो, पू होतो आणि लाल, सहज रक्त येणारे मांस वाढते. आरंभी कोमट पाण्याचा शेक घेऊन नखाच्या कोपऱ्याखाली कापसाचा लहानसा बोळा सरकवल्याने आराम पडतो. वारंवार त्रास झाल्यास बधिरीकरण करून नखाची ती कडा काढतात आणि तेथील नख उगवणारा भाग फिनॉलने निकामी करतात. संपूर्ण नख उपटण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. नवीन नख पुन्हा तसेच रुतत असल्याने ती मागे पडली आहे. पायाची नखे सरळ रेषेत कापणे, हा प्रतिबंध.

नखे पिवळी, जाड व भुसभुशीत होणे हे बहुधा बुरशीचे लक्षण असते, परंतु प्रत्येक जाड नख बुरशीचे नसते. नखाचा तुकडा तपासून निदान पक्के केल्यानंतरच पोटातील औषधे द्यावीत, कारण टर्बिनाफिनचा क्रम पायाच्या नखासाठी सुमारे १२ आठवड्यांचा असतो व काही रुग्णांत यकृतावर लक्ष ठेवावे लागते. अंगठ्याचे नख पूर्ण बदलण्यास १२ ते १८ महिने लागतात. औषध संपल्यावरही नख लगेच चांगले दिसत नाही, याची कल्पना रुग्णास आधीच देणे हिताचे असते. नखाखाली मार न लागता आलेला व वाढत जाणारा काळा पट्टा क्वचित त्वचेच्या कर्करोगाचा असतो. तो दुर्लक्षू नये.

टाच व बोटांची दुखणी

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेत सुई टोचल्यासारखे दुखावे आणि चार पावले चालल्यावर कळ कमी व्हावी, हे प्लँटर फॅशियाच्या दुखण्याचे ठळक लक्षण आहे. दिवसभर कठीण फरशीवर उभे राहणारे शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी, दुकानदार यांना तो विशेष होतो. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला काटा दिसला की सारा दोष त्यालाच दिला जातो. वस्तुतः असा काटा मुळीच न दुखणाऱ्या अनेक टाचांतही असतो आणि त्यासाठी शस्त्रक्रिया सहसा करावी लागत नाही. पोटरीचे व तळव्याचे ताण देणारे व्यायाम, मऊ टाचेचे पादत्राण, घरातही अनवाणी न चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांनी बहुसंख्य रुग्ण वर्षभरात बरे होतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने तात्पुरता आराम पडतो. मात्र ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याची व टाचेची चरबी झिजण्याची भीती असते.

अंगठा करंगळीच्या दिशेने कलून त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा येतो, त्यास बनियन म्हणतात. आनुवंशिकता व टोकदार बूट ही दोन्ही कारणे त्यात असतात. रुंद पादत्राणाने वेदना कमी होते, वाकडेपणा मात्र केवळ शस्त्रक्रियेने सुधारतो. ती दिसण्यासाठी नव्हे, तर दुखण्यासाठी करावी. अंगठ्याचा हाच सांधा मध्यरात्री अचानक लाल होऊन सुजला व पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर गाऊटचा विचार करतात. रक्तातील युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचल्याने तो होतो. आयुर्वेदातील वातरक्ताशी त्याची तुलना केली जाते. झटक्यात वेदनाशामक वा कोल्चिसिन देतात. वारंवार झटके येणाऱ्यांना युरिक आम्ल कमी करणारे ॲलोप्युरिनॉलसारखे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते.

पाय मुरगळल्यास विश्रांती, बर्फाचा शेक, दाबपट्टी व पाय उंच ठेवणे हे प्रथमोपचार होत. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. सूज येऊ लागताच जोडवी काढून ठेवणे अगत्याचे असते. एकदा बोट सुजले की ती कापावी लागतात.

लहान मुलांची पावले

चालू लागलेल्या बहुतेक मुलांचे तळवे सपाट असतात. कमान पहिल्या दहा वर्षांत हळूहळू घडते. दुखत नसलेल्या व लवचीक असलेल्या सपाट पावलांना विशेष बुटांची गरज नसते. जन्मतः आत वळलेले पाऊल ही गोष्ट मात्र वेगळी आहे. सुमारे हजार बालकांत एकाला हे व्यंग असते. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत बाळ काही दिवसांचे असतानाच दर आठवड्याला पाऊल हाताने थोडे वळवून प्लॅस्टर घालतात, बहुधा टाचेमागील कंडरा लहानसा छेद देऊन मोकळी करतात आणि नंतर पट्टीने जोडलेले बूट साधारण चौथ्या वर्षापर्यंत, पुढे पुढे केवळ झोपेत, वापरतात. हे बूट मध्येच सोडले की व्यंग परत येते. ग्रहणाशी या व्यंगाचा काहीही संबंध नाही.

बधिर पाऊल

वेदना ही पावलाची राखणदार आहे. खडा टोचला की माणूस थांबतो, चप्पल चावली की काढतो, एका पायावर भार आला की नकळत दुसऱ्यावर घेतो. मधुमेह व कुष्ठरोग यांत मज्जातंतू निकामी होऊन ही राखण संपते. मग चपलेतून वर आलेल्या खिळ्यावर मनुष्य दिवसभर चालतो आणि संध्याकाळी रक्ताचे डाग दिसल्यावर त्याला ते कळते.

कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ ती रोगामुळे मांस सडून, असा समज शतकानुशतके होता. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिले की, या विद्रूपतेचे मुख्य कारण न जाणवलेल्या इजा व त्यांत शिरलेला जंतुसंसर्ग हे आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळव्यावरील व्रणांना प्लॅस्टरने भारमुक्त करण्यावर आणि मऊ पादत्राणांवर भर दिला. सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, एमसीआर नावाने ओळखली जाणारी चप्पल भारतात कुष्ठरुग्णांना आजही शासकीय कार्यक्रमातून दिली जाते. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो. पण मेलेले मज्जातंतू सहसा परत येत नाहीत. ‘रोगमुक्त’ असा दाखला मिळालेल्या माणसाचे पाऊल जन्मभर जपावेच लागते.

ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथे गेले. तेथे कुष्ठरोगातून मिळालेले हे ज्ञान मधुमेहाच्या पावलांना लागू झाले. आज भारतात बधिर पावलाचे महत्त्वाचे कारण मधुमेह हेच आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तींपैकी १९ ते ३४ टक्के जणांना आयुष्यात केव्हातरी पावलावर व्रण होतो, असा अंदाज आहे. त्यांत मज्जातंतूंच्या ऱ्हासाबरोबर अनेकदा रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असतात व साखर जास्त असल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. तंबाखू या तिन्हींत भर घालते. मधुमेह नसतानाही बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पायाच्या धमन्या बंद पडून बोटे काळी पडण्याचा बर्जर नावाचा रोग होतो. त्यावर तंबाखू पूर्ण सोडण्यावाचून खरा उपाय नाही.

बधिर पावलाला होणाऱ्या इजा जीवनपद्धतीप्रमाणे बदलतात. भारतात त्या कशा होतात, हे परदेशी पुस्तकांतून कळत नाही. उन्हात तापलेल्या फरशीवरून मंदिराला अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने तळवे भाजतात. एसटीत इंजिनाजवळ पाय ठेवून बसलेल्याच्या पावलाला फोड येतात. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, दुचाकीचा सायलेन्सर यांनी भाजते. नित्य मांडी घालून बसण्याने घोट्याच्या बाहेरील हाडावर घट्टा व पुढे व्रण होतो. जमिनीवर झोपलेल्या रुग्णाचे बोट रात्री उंदराने कुरतडल्याच्या नोंदी कुष्ठरोग व मधुमेह या दोन्हींत आहेत. आणि घरच्या घरी ब्लेडने कुरूप कापणे हे तर ठायी ठायी आढळणारे कारण आहे.

संवेदना तपासण्याचे साधन अगदी साधे आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतात; डोळे मिटलेल्या रुग्णाला तो जाणवला नाही, तर राखण गेली असे समजावे. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व पायाच्या नाडीची तपासणी वर्षातून किमान एकदा व्हावी, असा वैद्यकीय संकेत आहे. एक मिनिटाचे हे काम आहे. परंतु त्यासाठी रुग्णाचे मोजे उतरवावे लागतात आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमके तेवढेच राहून जाते.

व्रण झाल्यास तीन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. मृत मांस काढून संसर्गावर प्रतिजैविके देणे, साखर व रक्तपुरवठा सुधारणे आणि जखमेवरचा भार पूर्णपणे काढणे. यांपैकी तिसरी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. रोज पट्टी बदलली जाते, महाग औषधे दिली जातात आणि रुग्ण त्याच जखमेवर पाय टेकून घरी चालत जातो. दुखत नसल्यामुळे त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. पावलाच्या आकाराला घट्ट बसणारे पूर्णस्पर्शी प्लॅस्टर भार सर्व तळव्यावर वाटून देते आणि महिनोन्‌महिने न भरलेल्या अनेक जखमा त्यात काही आठवड्यांत भरतात. मात्र तीव्र संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची मोठी उणीव असलेल्या पायाला ते घालत नाहीत.

बधिर पाऊल अचानक सुजले, गरम झाले, पण जखम नाही आणि दुखतही फारसे नाही, अशा स्थितीला फ्रेंच वैद्यक शार्को यांचे नाव आहे. त्यांनी १८६८ मध्ये, दुसऱ्या एका मज्जारोगाच्या संदर्भात, अशा सांध्यांचे वर्णन केले. यात हाडे मोडतात व रुग्ण त्यांवरून चालत राहिल्यास कमान खाली कोसळून तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर होतो. सुरुवातीलाच प्लॅस्टर घातल्यास पाऊल वाचते. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे अनुमान येथे संपूर्ण चुकते.

बधिर पावलांची निगा रोजची असते. रोज प्रकाशात दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसल्यास जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरच्या माणसाला पाहण्यास सांगावे. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. तेल किंवा मलम तळव्यास लावावे, बेचक्यात लावू नये. पाण्यात भिजवण्याबाबत दोन रोगांतील सल्ला भिन्न आहे. घाम थांबून त्वचा सालासारखी कोरडी झालेल्या कुष्ठरुग्णांना साध्या पाण्यात सुमारे वीस मिनिटे पाय भिजवून, घासून, तेल लावण्यास सांगतात. मधुमेहात मात्र पाय फार वेळ भिजवू नयेत असे सांगतात, कारण फुगलेली त्वचा सहज फाटते. या रुग्णांनी अंगठ्याची वा सैल चप्पल टाळावी. संवेदना नसल्याने ती पायातून निसटलेली कळत नाही व ती धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात. मागे पट्टा, आतून मऊ, तळाशी कठीण व बोटांना ऐसपैस असे सँडल योग्य. कोल्हापुरी चपलेचे सौंदर्य कितीही असो, बधिर पायासाठी ती नाही.

अनवाणी पावलांचे दोन जुने रोग

काटा रुतल्याच्या जागेतून मातीतील बुरशी वा जिवाणू शिरून पाऊल वर्षानुवर्षे सुजत जाते, छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे, पांढरे वा लाल कण बाहेर येतात. हा मायसेटोमा किंवा मदुरा पाऊल. मदुरेतील रुग्णांवरून एकोणिसाव्या शतकात त्याला हे नाव पडले, पण त्याचा सखोल अभ्यास मुंबईत झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्याचे बुरशीजन्य स्वरूप ओळखून १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील विख्यात ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांनी बरा होतो. बुरशीजन्य प्रकारात महिनोन्‌महिने औषधे व अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. हा रोग मुख्यतः शेतमजूर व गुराखी यांचा असून तो सुरुवातीला दुखत नसल्याने उशिरा दाखवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याचा उपेक्षित रोगांत समावेश केला.

दुसरा रोग नारू. पायऱ्यांच्या विहिरीतील व बारवांतील पाण्यातून, त्यातील सूक्ष्म जलचरांबरोबर, या कृमीची पिल्ले पोटात जात आणि सुमारे वर्षाने हातभर लांबीची मादी बहुधा पावलावर फोड आणून बाहेर पडे. ती काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळून काढीत. ओढताना तुटली तर पाय सुजून पिके. रुग्ण आग शमवण्यास पाय विहिरीत बुडवी आणि पाणी पुन्हा दूषित होई. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे व हातपंप बसवणे यांनी, कोणत्याही लशीविना, हा रोग संपला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला.

त्वरित उपचाराची लक्षणे

पावलावर काळा डाग पडणे, जखमेस दुर्गंधी येणे, लाली घोट्याकडे चढणे, जखमेसोबत थंडी-ताप येणे, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा एकाएकी थंड वा गरम लागणे, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबल्यावर जाणे आणि झोपेत पाय खाली सोडल्याशिवाय वेदना न शमणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे. मधुमेहीच्या पावलावरील कोणतीही जखम, ती कितीही लहान असो, याच यादीत मोडते. गंजलेला खिळा वा काटा लागल्यास धनुर्वाताची लस घेण्याविषयी त्याच दिवशी विचारावे.

पाय गमावल्यानंतर

पाऊल कापण्याची वेळ आल्यास जितका भाग वाचेल तितका वाचवण्याचा प्रयत्न करतात, कारण गुडघा राहिला तर कृत्रिम पायाने चालणे पुष्कळ सुकर होते. भारतातील राहणीला युरोपीय धर्तीचे कृत्रिम पाऊल अपुरे पडे. त्यावर बूट घालणे आवश्यक असे. उकिडवे वा मांडी घालून बसता येत नसे व शेतात चालता येत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे ‘जयपूर फूट’ तयार केले. त्याने अनवाणी चालता येते, चिखलात काम करता येते, झाडावरही चढता येते. सेठी यांना त्यासाठी १९८१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एक पाय गेलेल्या मधुमेहीच्या दुसऱ्या पायावर भार वाढतो व त्यालाही व्रण होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून कृत्रिम पाय बसवताना उरलेल्या पावलाचे पादत्राणही त्याच वेळी मापून घेतात.